डब्यावरचा आकडा आणि खोलीतली हवा: पुण्यातील एका कार्यालयाच्या रंगकामाचे प्रकरण

कंत्राटदाराने आम्हाला पहिल्यांदा आणून दिलेले प्रमाणपत्र शिशाचे होते. ‘लीडचं सर्टिफिकेट पाहिजे’ एवढाच निरोप रंगाच्या कंपनीच्या विक्री-प्रतिनिधीपर्यंत फोनवरून पोहोचला होता, आणि त्याने आपल्या समजुतीप्रमाणे योग्य तेच पाठवले होते: या रंगात शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा कमी आहे, असे कंपनीचे पत्र. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाविषयी २०१६ साली नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ही मर्यादा आपल्याकडे बंधनकारक झाली, त्यामुळे असे पत्र देणे कोणत्याही मोठ्या कंपनीला जड जात नाही. पत्र खरे होते. फक्त आम्ही विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. आम्हाला हवा होता तो अमेरिकेतून आलेल्या ‘लीड’ या हरित इमारत मानांकनासाठीचा पुरावा. मराठीत धातूचे इंग्रजी नाव आणि हे मानांकन कधीकधी एकाच अक्षरांत लिहिले जाते, याचा असा फटका बसेल असे कोणालाच वाटले नव्हते. त्या गोंधळात आठ दिवस गेले आणि तोवर पहिल्या मजल्यावर प्रायमर मारून झाला होता.

प्रकल्प पुण्याच्या पूर्व भागातील एका कार्यालयाचा होता. इमारत आधीच उभी होती. भाड्याने घेतलेल्या दोन मजल्यांचे, मिळून सुमारे ४०,००० चौरस फुटांचे, अंतर्गत काम करायचे होते. भाडेकरू कंपनीला ‘लीड’च्या ४.१ आवृत्तीखाली अंतर्गत कामाचे मानांकन हवे होते, आणि हरित इमारत सल्लागार म्हणून कागदपत्रांची जबाबदारी माझ्याकडे होती. संबंधितांची ओळख उघड होऊ नये म्हणून लिटर व इतर मोजमापांचे आकडे मी थोडे गोल केले आहेत. त्यामागचे गणित मात्र जसे झाले तसेच दिले आहे.

प्रश्न नेमका काय होता

रंगातून बाहेर पडणाऱ्या सेंद्रिय बाष्पांबाबत, ज्यांना या व्यवसायात सगळेच ‘व्हीओसी’ म्हणतात, दोन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. पहिला प्रश्न डब्याचा आहे: एका लिटरमध्ये असे किती ग्रॅम द्रव्य आहे? दुसरा प्रश्न खोलीचा आहे: भिंतीवर रंग सुकल्यानंतर, काही दिवसांनी, त्या खोलीच्या हवेत कोणकोणती रसायने किती प्रमाणात येतात? पहिल्याला मी येथे ‘प्रमाण’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘उत्सर्जन’. आपल्याकडच्या हरित मानांकनांत वास्तुविशारदांच्या हाताला सवयीचे झालेले तक्ते मुख्यतः पहिल्या प्रश्नाचे आहेत: आतल्या मॅट रंगाला लिटरमागे ५० ग्रॅम, चमक असलेल्या रंगाला १५०, गंजरोधकाला २५०. ‘लीड’ ४.१ मध्ये मात्र दोन्ही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, आणि दोघांचे निकष निराळे आहेत. इमारतीच्या आत, जागेवर ओला लावला जाणारा प्रत्येक रंग, प्रायमर, पॉलिश प्रमाणाच्या कसोटीला १०० टक्के उतरला पाहिजे; आणि एकूण वापराच्या किमान ७५ टक्के भागाने, लिटरने मोजा किंवा क्षेत्रफळाने, उत्सर्जनाची कसोटी पार केली पाहिजे.

पहिल्या निकषात एका डब्यालाही सूट नाही आणि दुसऱ्यात पाव भागाची मोकळीक आहे, हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पुढे सगळे प्रकरण त्याच्याभोवतीच फिरले.

‘३५ पेक्षा कमी’

शिशाच्या पत्रानंतर जी फाइल आली तीत चार कागद होते: भिंतीच्या मॅट इमल्शनचे तांत्रिक माहितीपत्रक, त्याचेच सुरक्षितता-पत्रक, कंपनीच्या ‘हरित’ उत्पादनांची रंगीत पुस्तिका, आणि एका परदेशी प्रयोगशाळेचे उत्सर्जन-प्रमाणपत्र. माहितीपत्रकावर लिहिले होते: व्हीओसी लिटरमागे ३५ ग्रॅमपेक्षा कमी. मर्यादा ५०ची, आकडा ३५चा; साइट इंजिनिअरच्या मते विषय तिथेच संपला होता.

तो संपला नव्हता, कारण ‘लिटरमागे’ म्हणजे कोणत्या लिटरमागे, हे त्या कागदावर नव्हते. ‘लीड’साठी प्रमाणाची जी मर्यादा आम्ही धरली होती ती दक्षिण कॅलिफोर्नियाचा हवा-गुणवत्ता जिल्हा या नियामक संस्थेच्या १११३ क्रमांकाच्या नियमातली आहे, आणि त्या नियमात भिंतीच्या रंगाचे व्हीओसी ‘पाणी वगळून’ मोजतात. म्हणजे डब्यातले पाणी हिशोबातून काढून टाकायचे आणि उरलेल्या आकारमानावर व्हीओसीचे वजन वाटायचे. युरोपात २००४च्या निर्देशानुसार रंग जसा आहे तसा, पाण्यासकट मोजतात. भारतीय माहितीपत्रके बहुधा दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली असतात आणि तसे सांगतातच असे नाही.

कंपनीच्या तांत्रिक विभागाला विचारल्यावर कळले की या इमल्शनच्या एका लिटरमध्ये सुमारे ४५० मिलिलिटर पाणी आहे. समजा लिटरमागे खरेच ३२ ग्रॅम व्हीओसी असते. ‘३५ पेक्षा कमी’ या शब्दांत ते बसले असते. पाणी वगळले की उरतो ०.५५ लिटर, आणि ३२ला ०.५५ने भागले की येतात ५८ ग्रॅम. तोच डबा, तोच रंग. युरोपच्या हिशोबाने ३२, कॅलिफोर्नियाच्या हिशोबाने ५८, आणि मर्यादा ५०. त्या दिवशी बैठकीत हे गणित फळ्यावर मांडले तेव्हा कंत्राटदाराचे पहिले म्हणणे होते की पाणी काढून रंग लावतो कोण? प्रश्न चुकीचा नव्हता. नियमाचे कारण असे की पाणी वाढवून आकडा खाली आणण्याची वाट बंद व्हावी: रंग पातळ केला तर लिटरमागचे ग्रॅम कमी दिसतात, पण भिंत झाकायला हात जास्त मारावे लागतात आणि खोलीत जायचे ते द्रव्य तेवढेच जाते.

यापुढची अडचण मोजण्याच्या पद्धतीची होती. जुनी रीत वजाबाकीची आहे: रंग ११० अंश सेल्सियसला तासभर तापवायचा, किती वजन उडाले ते पाहायचे, त्यातून वेगळे मोजलेले पाणी वजा करायचे, राहिले ते व्हीओसी. तेलाच्या रंगाला ही रीत ठीक आहे. आमच्या इमल्शनचे एक लिटर वजनाने सुमारे १३५० ग्रॅम भरत होते. पाणी मोजताना एकूण वजनाच्या एका टक्क्याची चूक झाली तर ती १३.५ ग्रॅमची चूक होते, आणि ती सगळी व्हीओसीच्या आकड्यात जाऊन बसते. मोजायची वस्तू दहा-पंधरा ग्रॅमची आणि हात थरथरला तर चूकही तेवढीच. म्हणून कमी व्हीओसीच्या पाण्याच्या रंगांसाठी गॅस क्रोमॅटोग्राफीने प्रत्येक द्रव्य वेगळे ओळखून मोजण्याची पद्धत वापरतात. आयएसओ ११८९० या मानकाचा दुसरा भाग किंवा एएसटीएमचे डी ६८८६ हे मानक त्यासाठी आहे. आम्ही तोच अहवाल मागितला. तो आला तेव्हा व्हीओसी पाण्यासकट लिटरमागे ११ ग्रॅम निघाले, म्हणजे पाणी वगळून २०. रंग चांगलाच होता. ‘३५ पेक्षा कमी’ हा आकडा मोजणीचा नव्हताच. पुढेमागे कृती बदलली तरी माहितीपत्रक छापून टाकलेले वाया जाऊ नये म्हणून ठेवलेली ती ऐसपैस मर्यादा होती. आपला चांगला रंग कंपनीच्याच कागदामुळे नापास होण्याच्या बेतात आला होता, हे त्या तांत्रिक अधिकाऱ्यांना आमच्याइतकेच आश्चर्याचे वाटले.

चेंबरमधली खोली

चौथा कागद, उत्सर्जनाचे प्रमाणपत्र, वरवर पाहता सर्वांत भक्कम होता. प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी १७०२५ खाली मान्यताप्राप्त होती, आणि जी पद्धत वापरली ती तिच्या मान्यतेच्या कक्षेत होती. हे दुसरे तपासणे बहुतेक जण विसरतात. पद्धतही योग्य होती: कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची, २०१७ची १.२ ही आवृत्ती. चूक उत्पादनाच्या नावात होती. प्रमाणपत्र त्याच मालिकेतल्या ‘सॉफ्ट शीन’ रंगाचे होते आणि आमच्या भिंतीवर मॅट चालला होता. ‘साहेब, कंपनी तीच आहे, डबापण तसाच आहे,’ असे रंगकामाच्या मुकादमाने सांगितले, आणि डबे शेजारी ठेवल्यावर त्याचे म्हणणे समजण्यासारखे होते. पण मॅट आणि सॉफ्ट शीनमध्ये बाइंडरचे, म्हणजे रंगाला धरून ठेवणाऱ्या द्रव्याचे, आणि भरावाचे प्रमाण वेगळे असते, आणि रंगाचा पापुद्रा नीट जुळून यावा म्हणून घालायचे द्रव्यही वेगळ्या मापाने पडते. चेंबरमध्ये नेमके तेच दिसते.

ही चाचणी कशी होते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण प्रमाणपत्र वाचताना तिचे टप्पे डोळ्यांपुढे नसले तर चुकीचा कागदही बरोबर वाटतो. ठरावीक वजनाचा रंग नमुन्याच्या पाटीवर लावतात. भिंतीच्या रंगाला ती पाटी जिप्सम बोर्डाची असते. ती १० दिवस स्वच्छ हवेत, २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवतात. मग ती छोट्या बंद पेटीत, म्हणजे चेंबरमध्ये, जाते. पेटीतून शुद्ध हवा मोजून फिरवली जाते आणि २४, ४८ व ९६ तासांनी बाहेर पडणाऱ्या हवेचे नमुने घेतले जातात. बहुतेक बाष्पे शोषक भुकटी भरलेल्या नळीत पकडतात. फॉर्मल्डिहाइडसारख्यांना वेगळी रासायनिक नळी लागते. निकाल चौदाव्या दिवसाचा धरतात. तोवर येतो तो आकडा एका चौरस मीटर पृष्ठभागातून तासाला किती मायक्रोग्रॅम सुटतात, याचा. तो माणसाच्या श्वासापर्यंत न्यायचा तर खोली कल्पावी लागते, आणि इथेच आमची दुसरी अडचण उभी राहिली.

कॅलिफोर्नियाच्या पद्धतीत अशा कल्पित खोल्या ठरवून दिल्या आहेत. एक आहे एका माणसाचे कार्यालय: १० फूट बाय १२ फूट, उंची ९ फूट, रंगवलेली भिंत ३३.४ चौरस मीटर, आणि तासाला सुमारे २०.७ घनमीटर ताजी हवा. दुसरी आहे शाळेची वर्गखोली: ४० फूट बाय २४ फूट, भिंत ९४.६ चौरस मीटर, पण हवा तासाला सुमारे १९१ घनमीटर, कारण मुले जास्त. भिंतीला हवेने भागले की कार्यालयात १.६१ येतात आणि वर्गात ०.५ पेक्षा किंचित कमी. तोच रंग, तेच उत्सर्जन. कार्यालयात हवेतले प्रमाण वर्गापेक्षा तिपटीहून अधिक. मोठी खोली आणि मुलांची, म्हणून वर्गाची कसोटी कडक असणार असे सहज वाटते, आणि भिंतीच्या रंगापुरते ते उलटे आहे.

आम्ही मॅट रंगाचाच अहवाल मागितला. कंपनीकडे तो होता, फक्त विक्री विभागाला ठाऊक नव्हता. त्यात निकाल लिहिला होता ‘अनुरूप’, आणि खाली बारीक अक्षरांत परिस्थिती: वर्गखोली. फॉर्मल्डिहाइडचे उत्सर्जन चौरस मीटरमागे तासाला ५.२ मायक्रोग्रॅम होते. वर्गाच्या हिशोबाने ते घनमीटरमागे २.६ मायक्रोग्रॅम होते, मर्यादा ९ आहे, म्हणजे प्रश्नच नाही. कार्यालयाच्या हिशोबाने ५.२ गुणिले १.६१, म्हणजे ८.४. पास, पण उंबरठ्याला पाय लागता लागता. हेच उत्सर्जन ६ मायक्रोग्रॅम असते तर वर्गात ३ वर आरामात सुटले असते आणि कार्यालयात ९.७ वर अडकले असते. प्रयोगशाळेला पत्र लिहून आम्ही कार्यालयाच्या परिस्थितीचे गणित अहवालाच्या सुधारित प्रतीत मागून घेतले. ते स्वतः करून जोडले असते तर तपासणाऱ्याने ते मानण्याचे कारण नव्हते.

पाण्याच्या रंगात फॉर्मल्डिहाइड येते कुठून, असे मला त्या वेळी दोघा-तिघांनी विचारले. डब्यातला रंग सडू नये म्हणून जी संरक्षक द्रव्ये घालतात त्यांतली काही हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडूनच काम करतात. वजनाने ती इतकी थोडी असतात की लिटरमागच्या ग्रॅममध्ये त्यांचा मागमूस लागत नाही. ‘शून्य व्हीओसी’ लिहिलेल्या डब्याचे उत्सर्जनही तपासावे लागते त्याचे हे एक कारण. नाकावर विसंबता येत नाही: नव्या रंगाचा जो वास डोळ्यांत जातो तो पुष्कळदा अमोनियाचा असतो, ज्याची गणना व्हीओसीत होत नाही, आणि घनमीटरमागे ९ मायक्रोग्रॅम फॉर्मल्डिहाइड असेल तर त्याचा वास कोणालाही येत नाही.

कंपनीच्या अनुरूपतेच्या पत्रात तीन गोष्टी नसतील तर ते पत्र कितीही छान लेटरहेडवर असले तरी उपयोगाचे नाही, हे आम्ही तेव्हापासून मागणीपत्रातच लिहू लागलो: कोणत्या खोलीची परिस्थिती धरली, चाचणीत चौरस मीटरमागे किती वजनाचा ओला रंग लावला, आणि चौदा दिवसांनंतर एकूण व्हीओसी कोणत्या पट्ट्यात आहे: घनमीटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत, अर्धा ते पाच, की पाचच्या वर. या शेवटच्या आकड्याला मर्यादा नाही, तो फक्त जाहीर करायचा असतो. तरीही त्यातून पुष्कळ कळते, आणि पुढच्या डब्याने ते दाखवून दिले.

निळी भिंत

स्वागतकक्षामागे आणि दोन बैठक-खोल्यांत गडद निळ्या भिंती होत्या. एकूण ९० लिटरचे काम. हा रंग दुसऱ्या, युरोपीय मूळ असलेल्या मालिकेतला होता आणि त्याच्या पत्रकावर व्हीओसी लिटरमागे १ ग्रॅमपेक्षा कमी होते. उत्सर्जनाच्या कागदात मात्र एकूण व्हीओसी मधल्या पट्ट्यात, अर्धा ते पाच मिलिग्रॅममध्ये, दाखवले होते. डब्यात जवळजवळ काही नाही आणि हवेत एवढे, हे कसे? उत्तर व्याख्येत आहे. युरोपच्या व्याख्येत २५० अंश सेल्सियस किंवा त्याखाली उकळणारे द्रव्य तेवढे व्हीओसी. पापुद्रा जुळवणारे जे द्रव्य टेक्सॅनॉल या नावाने विकले जाते ते २५० च्या जरा वर उकळते. म्हणून ते तिथल्या हिशोबात येत नाही, पण भिंतीवरून उडायचे काही थांबत नाही, फक्त सावकाश उडते. चेंबरला व्याख्या ठाऊक नसते. कॅलिफोर्नियाच्या प्रमाण-नियमात अशी उत्कलनबिंदूची सूट नसल्याने या रंगाच्या बेसचा, म्हणजे शेड मिसळण्याआधीच्या रंगाचा, क्रोमॅटोग्राफीचा अहवाल नव्याने मागवावा लागला. पाणी वगळून तो ४१ आला आणि ५०च्या आत राहिला.

त्याहून अवघड प्रश्न शेडचा होता. कारखान्यातून येतो तो पांढरा किंवा गडद शेडसाठीचा बेस. निळा होतो तो दुकानातल्या टिंटिंग मशीनवर. मशीनमधली रंगद्रव्ये ग्लायकोलमध्ये, म्हणजे व्हीओसीत मोजल्या जाणाऱ्या द्रवात, घोटलेली असू शकतात, आणि गडद शेडला ती भरपूर लागतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शेरविन-विल्यम्स आणि पीपीजी या कंपन्यांवर आरोप ठेवला तो यावरच: ‘शून्य व्हीओसी’ हा दावा शेड न मिसळलेल्या बेसपुरता खरा होता, ग्राहक जो रंग घरी नेतो त्याबद्दल नव्हे. दोन्ही कंपन्यांनी तडजोड करून तसे दावे थांबवण्याचे मान्य केले. कॅलिफोर्नियाच्या १११३ नियमात अशा घरगुती रंगद्रव्यांना २०१४ पासून लिटरमागे ५० ग्रॅमची वेगळी मर्यादा आहे.

म्हणून मी दुकानात गेलो. मशीन प्रत्येक डब्यासाठी एक चिठ्ठी छापते: शेड नंबर, बेस, आणि कोणत्या नळीतून किती मिलिलिटर पडले त्याची ओळ. दुकानदार ती डब्याच्या झाकणावर चिकटवतो, रंगारी झाकण उघडताना ती फाटते, आणि रिकामा डबा भंगारात जातो. आमच्या निळ्या रंगाच्या साडेचार बादल्यांपैकी दोनच चिठ्ठ्या हाताला लागल्या. सुदैवाने मशीनच्या संगणकात नोंद शिल्लक होती आणि दुकानदाराने ती छापून सही-शिक्क्यासह दिली. रंगद्रव्ये ग्लायकोलविरहित मालिकेतली निघाली, त्यांचे पत्रक मिळाले. उत्सर्जनाच्या हिशोबात मात्र हे ९० लिटर मी अनुरूप धरलेच नाहीत, कारण चाचणी बेसची होती आणि भिंतीवर जे होते त्यात एका नळीचे बरेच काही मिसळलेले होते. ७५ टक्क्यांच्या निकषात तेवढी जागा होती, ती वापरली.

प्रायमर

सगळ्यांचे लक्ष वरच्या रंगावर असताना मी एकदा लिटरची बेरीज मांडली. सुरुवातीच्या अंदाजपत्रकाप्रमाणे फिक्या शेडचा मॅट रंग १,१८० लिटर, गडद ९०, प्रायमर ४२०, लोखंडी कामाचा एनॅमल ६० आणि लाकडाचे मेलामाइन पॉलिश सीलरसकट १५०: एकूण १,९००. उत्सर्जनाचा पुरावा हातात होता तो फक्त १,१८० लिटरचा, म्हणजे ६२ टक्के. वरचा रंग कितीही शुद्ध असला तरी प्रायमरशिवाय ७५ गाठता येत नव्हते, आणि प्रायमरविषयी फाइलमध्ये एक ओळही नव्हती. तो भिंतीवर दिसत नाही, शेड कार्डावर नसतो, ग्राहक त्याचे नाव विचारत नाही.

कंपनीने सांगितले की या प्रायमरची चाचणी झाली आहे, पण आखाती देशांत तो ज्या नावाने विकला जातो त्या नावाने. मग कंपनीच्या गुणवत्ता-प्रमुखांचे पत्र लागले: दोन्ही नावांची कृती एकच, दोन्ही ठिकाणी माल एकाच कारखान्यातून, आणि आमच्या चलानांवरचे बॅच नंबर त्या कारखान्याचे. हे पत्र यायला पाच आठवडे लागले. चलाने सांभाळून ठेवली होती म्हणून ते लिहिता आले, नाहीतर कोणत्या बॅचविषयी लिहायचे हेच ठरले नसते.

पॉलिशवाल्यांचा प्रश्न

प्रमाणाच्या १०० टक्के निकषात खरे अडथळे होते ते शेवटचे दोन: एनॅमल आणि पॉलिश. भिंतींचे १,६९० लिटर निभावले असते आणि सुताराच्या माणसाने वापरलेल्या एका डब्याने सगळे घालवले असते. थिनरवर चालणाऱ्या मेलामाइन पॉलिशचे व्हीओसी स्वच्छ लाकडी फिनिशच्या २७५ ग्रॅमच्या मर्यादेच्या बरेच वर जाते. शिवाय ते आम्लाच्या साहाय्याने पक्के होणारे अमिनो रेझिन आहे आणि पक्के होताना फॉर्मल्डिहाइड सोडते. भिंतीच्या रंगात मायक्रोग्रॅम मोजत बसलेल्या माणसाने त्या खोलीच्या दाराजवळ उभे राहून पाहावे, डोळे झोंबतात.

दारांच्या फळ्या कारखान्यात फिनिश होऊन येतील असे ठरले. त्यामुळे त्या जागेवर लावायच्या रंगांच्या यादीतून बाहेर पडल्या, आणि ही नुसती हिशोबाची फिरवाफिरव आहे असे कोणी म्हणाले तर मी पूर्णपणे नाकारणार नाही. पण कारखान्यातले फिनिश अतिनील प्रकाशाखाली पक्के होणारे होते, थिनरचे नव्हते, त्यामुळे खोलीला खरोखर फायदा झाला. चौकटी जागेवरच करायच्या होत्या. तिथे पाण्याचे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे पॉलिश, आले, ७० लिटर, पाणी वगळून २७५च्या आत असल्याच्या अहवालासह.

पॉलिशवाले नाराज होते, आणि त्यांची तक्रार तांत्रिक होती. पाण्याने सागाच्या रेषा उठतात. पहिला हात सुकल्यावर हात फिरवला तर पृष्ठभाग दाढीच्या खुंटासारखा लागतो, तो बारीक कागदाने पुन्हा घासावा लागतो. जुलै महिना होता, बाहेर पाऊस, आणि मेलामाइन ज्या वेळात हाताला कोरडे लागते त्या वेळात हे चिकट राहत होते. शेवटी एका मजल्याचे वातानुकूलन चालू करून, हवा कोरडी करून काम पुरे केले. दिवस जास्त लागले आणि मजुरीचा दर फिरून ठरला.

एनॅमल बदलणे सोपे गेले, पाण्याचा एनॅमल मिळाला. पण लोखंडी सांगाड्याची कथा राहिली होती. सांगाडा भोसरीच्या वर्कशॉपमध्ये प्रायमर लावून आला होता, म्हणजे जागेवरचे काम नव्हे. पण जागेवर जिथे वेल्डिंग झाले तिथे फॅब्रिकेटरच्या पोराने अर्ध्या लिटरच्या डब्यातून रेड ऑक्साइड मारले होते, टर्पेंटाइनचे. कोणी सांगितले नव्हते. जिप्सम बोर्ड चढण्याआधीच्या फेरीत ते मला दिसले, सतरा सांधे, प्रत्येकावर तळहाताएवढा तांबडा डाग. ते यादीत घातले तर १०० टक्के मोडतात, न घातले तर यादी खोटी. सांधे ग्राइंडरने घासून काढले आणि पाण्याच्या गंजरोधक प्रायमरने, ज्याची मर्यादा १०० ग्रॅमची आहे आणि ज्याचा अहवाल होता, पुन्हा झाकले. झालेले सगळे, काढल्यासकट, फोटोंसह निवेदनात लिहिले. प्रकल्प व्यवस्थापकांचे मत होते की काढून टाकलेल्याचा उल्लेख करून संकट ओढवू नये. मला ते पटले नाही. डबा जागेवर आला होता, उघडला होता, आणि त्याचे चलानही होते.

अंतिम यादीत १,८२० लिटर होते. प्रमाणाच्या कसोटीत सगळे. उत्सर्जनाच्या कसोटीत मॅट आणि प्रायमर मिळून १,६००, म्हणजे ८८ टक्के. निळा रंग, एनॅमल व पीयू यांना पुरावा नाही असेच दाखवले. कागदपत्रांची फाइल एकूण ११४ पानांची झाली, त्यांतली ४० चलानांची.

पहिल्या फेरीच्या तपासणीत या भागावर एकच शेरा आला: प्रायमरच्या अहवालावरचे नाव आणि खरेदीच्या कागदांवरचे नाव जुळत नाही, स्पष्टीकरण द्यावे. गुणवत्ता-प्रमुखांचे पत्र फाइलमध्ये होते, पण ७३व्या पानावर, चलानांच्या मध्ये. ते पुढे आणून, बॅच नंबरांखाली रेघ मारून पुन्हा पाठवले आणि गुण मंजूर झाले. सतरा सांध्यांबद्दल कोणी काही विचारले नाही.